दीपगृहातल्या खोलीसाठी एक रीळ

टेलिफोन ऑफिसातली ताई लोकांचे कॉल चुटकीसरशी जोडून द्यायची, पण फिल्म घ्यायची म्हटली की कॅमेरावाल्या काकांच्या दुकानात तिचा तास मोडायचा. या खेपेला तर तिने काकांना पार भंडावून सोडलं.

कारणही तसंच होतं. तिचे वडील दीपगृहावर दिवा सांभाळायचे, सहा-सहा महिने तिकडेच. घरात भांडण झालं की हा माणूस मुद्दाम ड्युटी लावून घेतो आणि तिथे मजेत लोळतो, असा आईचा ठाम संशय. वडील गेले, दीपगृह बंद पडलं, संशय मात्र ठणठणीत राहिला. ती खोली एकदा बघायचीच, असा आईने धोशा लावला होता. दोनशे पायऱ्या तिला झेपणाऱ्या नव्हत्या, आणि नजरही चालली होती. डॉक्टरांनी नजरेचे आणखी दोन-तीन महिने सांगितले होते. हातातला फोटो तिला दिसत नसे. भिंतीवर पाडलेली मोठी स्लाइड तेवढी दिसे.

खोली अंधारी, त्यात फ्लॅश आणि स्टँडला मनाई. फिल्मचा आकडा जितका लहान, तितका तिला उजेड जास्त लागतो; शंभरची काळी पडली असती. काकांनी शेवटी दोनशेची स्लाइडची फिल्म काढली. उन्हात रंग छान देते, आणि अंधारात आठशेची समजून वापरली तरी चालते, फक्त लॅबमध्ये जास्त वेळ धुवायला सांगायचं. अट एकच, कॅमेऱ्यावर जो आकडा लावला, त्याच आकड्यावर अख्खं रीळ काढायचं. आणि दुकानात तेवढं एकच रीळ उरलं होतं.

गाडी चालवायला धाकटा भाऊ होता. तो, त्याची बायको आणि त्याचा शहाणपणा, तिन्ही बरोबर आले. ताई खाली रखवालदाराशी परवानगीच्या कागदावरून हुज्जत घालत होती, तेवढ्यात याने कॅमेरा उचलला. कॅमेऱ्यावर आकडा आठशे, फिल्मच्या डब्यावर मात्र दोनशे छापलेलं! ताईची चूक याने मोठ्या मनाने सुधारली, आकडा दोनशेवर आणला आणि बायकोकडून स्वतःचे सोळा फोटो काढून घेतले. कमरेवर हात, नजर समुद्राकडे, पोट आत.

ताईला हे कळलं ते वर, खोलीत. तिने दात-ओठ खात आकडा पुन्हा आठशेवर नेला. खिडकी गंजून घट्ट बसली होती, फटीतून येईल तेवढाच उजेड. खाटेशेजारच्या भिंतीवर आईची पत्रं चिकटवलेली होती, एकूण एक भांडणाची. शेवटच्या पत्राखाली वडिलांनी पेन्सिलीने काहीतरी खरडलं होतं, ते तिला काही केल्या लागेना. कोपर भिंतीला टेकवून, श्वास रोखून तिने तीन फोटो काढले. चौथ्याच्या आधी रखवालदाराने किल्ल्या वाजवल्या.

आता रीळ कसं धुवायचं? जास्त धुतलं तर धाकटा पांढराफटक, नेहमीसारखं धुतलं तर खोली काळीकुट्ट, असं काकांनी सांगितलं. धाकटा काकुळतीला आला. असं पोट पुन्हा आत जायचं नाही म्हणाला. ताईने समजुतीने मान डोलावली, त्याला गाडी नीट लावून यायला पिटाळलं, आणि पाकिटावर ठसठशीत आठशे लिहिलं.

रविवारी घरच्या भिंतीवर धाकट्याचं भूत सोळा वेळा येऊन गेलं. हा कोण, असं आईने सोळाही वेळा विचारलं, आणि ताईने एकदाही न कंटाळता सांगितलं. मग खोली आली. जरा दाणेदार, पण स्वच्छ दिसत होती. आई उठून भिंतीजवळ गेली आणि हातभर मोठं झालेलं स्वतःचंच अक्षर मोठ्याने वाचू लागली.

"या खेपेला आलात तर दार उघडणार नाही."

त्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'उघडलं. पाच मिनिटांत.'

ताईने पुढची स्लाइड लावलीच नाही.

"यांना पाच मिनिटंच दिसली," आई म्हणाली. "मी सकाळपासून दाराआड उभी होते."