कोंडाबाई आणि उदगीरची जोडकुस्ती

कोंडाबाई मूळची हिमायतनगरची. थोरला भाऊ रेल्वेत नोकरीला म्हणून नांदेडला राहायचा. वहिनीच्या बाळंतपणात हाताशी कुणीतरी हवं, म्हणून तिला तिकडं धाडलं, आणि तिथंच तिनं पहिल्यांदा फ्रीस्टाइल कुस्ती पाहिली. मैदानाभोवती पत्रे ठोकलेले, मधोमध दोरांचा चौकोन, वर झगझगीत दिवे, आणि बायकांना बसायला एका अंगाला कनात लावलेली.

मातीतली कुस्ती तिनं जत्रेत पाहिली होती. तिथं पाठ टेकली की खेळ संपला. इथं पाठ टेकूनही काही संपत नव्हतं. दोघांविरुद्ध दोघं लढत. जोडीतला एक जण आत मार खायचा आणि दुसरा दोराबाहेर उभा राहायचा. आतल्यानं सरपटत येऊन बाहेरच्याच्या हाताला हात लावला, तरच बाहेरच्याला आत उडी घेता यायची. त्या एका हातासाठी सगळं मैदान ओरडायचं, "हात दे! हात दे!"

कोंडाबाईही घसा बसेपर्यंत ओरडली. आत सरपटणारा होता अर्धापूरचा लिंबाजी. कपाळावरून रक्त ओघळून मिशीत उतरलेलं, तरी गडी उठायचा. दुसऱ्या दिवशी भावाकडं तिनं त्याची चौकशी केली. भाऊ हसला, मग चिडला, आणि शेवटी स्वतःच अर्धापूरला जाऊन स्थळ बघून आला.

लग्नानंतर तिला आतली गोष्ट कळली. हार-जीत कुस्त्या भरवणारा ठेकेदार आधीच ठरवायचा. कोण कुणाला कधी उचलून आपटणार तेही ठरलेलं असायचं. पण मार खाणारं अंग काही ठरवून दुखत नाही. लाकडी फळ्यांवर पाठ आपटली की ती आपटतेच. लोक रक्त बघायला येतात, म्हणून ठेकेदार लिंबाजीच्या मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा ठेवायला लावायचा. झोंबाझोंबीत कपाळाला चीर द्यायची, घामानं रक्त पसरतं, लांबूनही दिसतं. घरी आला की कोंडाबाई त्या चिरांत हळद भरायची आणि भरता भरता ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लिंबाजी हसायचा. "अगं, टाळ्या ऐकायला पाहिजे होत्या तू. पोट भरतं."

त्याचा जोडीदार गुरुपादप्पा, निलंग्याकडचा. बोलताना निम्मं कानडी यायचं. कोंडाबाईला तो अक्का म्हणायचा आणि तिच्या हातचं वरण-बट्टी खायला वाट वाकडी करून यायचा. नांदेड, देगलूर, बिदर, निजामाबाद, जिथं जिथं मैदान भरेल तिथं ही जोडी भित्तिपत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असायची.

मग उदगीरची कुस्ती झाली.

त्या दिवशी मैदान तुडुंब होतं. ठेकेदारानं गुरुपादप्पाला बजावलं, "मी खूण करेस्तोवर हात द्यायचा न्हाई. तरसवायचं पब्लिकला." समोरच्या जोडीनं लिंबाजीला कोपऱ्यात घातलं, आणि एकानं पाहुण्यांची लोखंडी खुर्ची आत ओढली. पहिला घाव ठरलेला होता. नंतरचे ठरलेले नव्हते. लोक इतके पेटले होते की मारणारालाही भान उरलं नाही. लिंबाजी सरपटत आला, त्यानं हात पुढं केला, गुरुपादप्पानं हात मागं घेतला. मैदान गरजलं. पुन्हा हात पुढं आला, पुन्हा मागं घेतला गेला. ठेकेदार खूण करीना. खूण झाली तेव्हा लिंबाजीच्या कानातून रक्त येत होतं, आणि ते ब्लेडचं नव्हतं.

गुरुपादप्पानं त्याला जीपमधून अर्धापूरला आणलं. कोंडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग याच्याकडं.

"तुमी कुठं होता?"

"बाहेर. दोराला धरून."

"मंग हात कामून दिला न्हाई?"

"ठेकेदार खूण करीना, अक्का."

"खूण!" ती म्हणाली. तिनं त्याची पिशवी उचलून अंगणात भिरकावली. "माणूस मरून राहिला, अन् तुमी खुणंची वाट बघून राहिले! चालते व्हा. या घरात परत पाय टाकायचा न्हाई."

लिंबाजीचा डावा कान गेला. हात थरथरायला लागला. बोलता बोलता मधेच शब्द हरवायचा आणि तो समोरच्याकडं नुसता बघत राहायचा. ठेकेदार एकदाही फिरकला नाही. घरची केळीची बाग होती, ती कोंडाबाईनं हातात घेतली. घड तोडायचे, व्यापाऱ्याशी भांडायचं, पाण्याच्या पाळीसाठी भांडायचं. भांडण तिला चांगलं जमायला लागलं.

पण तिला खरं बेजार केलं ते कुस्तीच्या शौकिनांनी. बाजारात कुणी ना कुणी भेटायचा. "वैनी, उदगीरला आम्ही होतो! काय कुस्ती हो! तशी पुन्हा झाली न्हाई." डोळे चमकायचे त्यांचे. खुर्ची कशी बसली, रक्त कुठवर उडालं, सगळं पाठ. लिंबाजी आता कसा आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारायचं. एकाला तिनं केळीची फणी फेकून मारली. तो हसत निघून गेला, आणि पैलवानाच्या बायकोनं आपल्याला मारलं हेही गावभर अभिमानानं सांगत सुटला.

त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला. गणपती नुकतेच बुडाले होते. सकाळी रेडिओवर पडलेल्या गावांची नावं सांगायला लागले, निलंग्याकडचीही. लिंबाजीला एका कानानं ऐकू येत होतं तेवढं पुरलं. तो उठला आणि चपला शोधायला लागला.

"कुठं?"

"अप्पाचं गाव," तो म्हणाला. पुढचे शब्द त्याला सापडेनात. पण चपला घालून तो रस्त्याला लागलाही. कोंडाबाईनं शिव्या देत भाकरी बांधल्या आणि त्याच्या मागं निघाली.

एसटी, मग ट्रक, मग पायी. दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा गाव असं काही उरलंच नव्हतं. दगडमातीच्या जाडजूड भिंती घरांवरच बसल्या होत्या. गुरुपादप्पा एका ढिगावर वाकून हातानं दगड काढत होता. नखं गेली होती. त्यानं वर बघितलं, दोघांना ओळखलं, आणि एवढंच म्हणाला, "लक्ष्मम्मा खाली हाय."

लक्ष्मम्मा त्याची बायको. ती जिवंत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण बाहेर काढायलाच हवी होती. लिंबाजी त्याच्या शेजारी वाकला. दोघांनी मिळून माळवदाच्या तुळईला खांदा लावला. लिंबाजीचा हात थरथरत होता, तरी तुळई हलली.

भूकंप बघायला तेव्हा लांबलांबून लोक येत होते. मदतीला येणारे वेगळे आणि हे वेगळे. टेम्पो भरून यायचे, डबे घेऊन, कॅमेरे घेऊन. असाच एक टेम्पो रस्त्यावर थांबला. त्यातल्या एकानं या दोघांना ओळखलं.

"अरे, ही तर उदगीरची जोडी! लिंबाजी-गुरुपाद!"

दुसऱ्यानं शिट्टी मारली. तिसरा ओरडला, "लाव जोर, पैलवान! हात दे, हात दे!" आणि सगळे हसले.

कोंडाबाईच्या हाताशी टिकाव होता. दांड्यासकट तो उचलून ती त्या टेम्पोवर चालून गेली. समोरची काच पहिल्याच घावात फुटली. "उतरा खाली! बघायचंय न्हवं? उतरा अन् हात लावा मढ्याला! एक एक करून उतरा, भाड्यांनो!" ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, लोक एकमेकांवर पडले. बंदोबस्ताचा जमादार धावत आला. त्यानं तिला अडवलं, पण टिकाव काढून घेतला नाही. उलट टेम्पोवाल्यांनाच हाकलून लावलं.

ती परत आली तेव्हा दोघांनी लक्ष्मम्माला बाहेर काढलं होतं. कोंडाबाईनं आपल्या पदरानं तिच्या तोंडावरची माती पुसली. गुरुपादप्पाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. निघताना ती त्याला म्हणाली, "चला."

"अक्का, मी कोणत्या तोंडानं..."

"आहे त्याच तोंडानं चला. तुमच्यावरचा राग मी सोडला न्हाई. पण हितं काय करून राहणार?"

तो आला तो अर्धापूरचाच झाला. केळीच्या बागेत राबायचा, लिंबाजीला आंघोळ घालायचा, त्याच्या दाढीला वस्तरा लावायचा. कोंडाबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. हळूहळू कामापुरतं म्हणजे किती, याचा हिशेब दोघांनीही सोडला.

पुढं काळ बदलला. लातूरच्या क्लासेसची हवा नांदेडला आली. चौकाचौकात डॉक्टर-इंजिनियर होणाऱ्या पोरांचे फोटो टांगले गेले आणि खेड्यापाड्यातली मुलं खोल्या करून राहायला लागली. लातूरला नाव काढलेले अंबरीश सर म्हणून एक होते, भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी नांदेडला नवी शाखा काढली. उदगीरच्या मैदानात वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती कुस्ती पाहिली होती. एका दुपारी ते गाडी घेऊन अर्धापूरला आले आणि आल्या आल्या लिंबाजीच्या पाया पडले.

"मावशी, गुणवंतांच्या सत्कारात या जोडीचाही सत्कार करायचाय. माझी मुलं एका चाचणीत मार्क कमी पडले की रडतात. मार खाऊन उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांना बघू द्या."

"त्यांना उभं राहता येत न्हाई नीट," कोंडाबाई म्हणाली. "न्हाई यायचं."

पण लिंबाजीनं ऐकलं होतं. उदगीर हा शब्द ऐकला की त्याच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा. तो उठला आणि ट्रंकेतून जुना लंगोट काढून बसला. कोंडाबाईनं तो ठेवून दिला. त्यानं पुन्हा काढला. शेवटी ती म्हणाली, "बरं. पण मी संगं येणार."

सभागृह पोरापोरींनी भरलं होतं. पुढच्या रांगांत पन्नाशीच्या पुढचे शौकीन: प्राध्यापक, साहेब, डॉक्टर. शाल-श्रीफळ झालं. लिंबाजीनं टाळ्या ऐकल्या, तो हसला, त्यानं थरथरता हात वर केला. इथवर कोंडाबाई गप्प होती. मग मागच्या पडद्यावर भला मोठा फोटो आला. लोखंडी खुर्ची, रक्तानं माखलेला लिंबाजी, पुढं केलेला त्याचा हात.

अंबरीश सर माइकवर रंगात आले. घाव न् घाव त्यांनी सांगितला. "अशी कुस्ती आता होणे नाही! सगळं खरं होतं, मित्रांनो! रक्त खरं होतं!" पुढच्या रांगेतून कुणीतरी आरोळी दिली, "हात दे!" जुनी माणसं भान हरपून ओरडायला लागली. मग पोरांनीही धरलं.

लिंबाजीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तो स्टेजवरच खुर्चीआड खाली बसला. गुरुपादप्पा त्याच्याकडं धावला, त्याचा हात धरला, तर लोकांना वाटलं खेळ चाललाय. टाळ्या आणखी वाढल्या.

कोंडाबाईनं स्टेजवर जाऊन माइक ओढून घेतला.

"गप बसा!"

आवाज असा फुटला की पोरं दचकली.

"ह्या फोटूनंतर त्यांना एका कानानं ऐकू येत न्हाई. पाण्याचा गिलास धरता येत न्हाई. तुमी सांगितलं का ते लेकरांना?"

"मावशी," अंबरीश सर हलक्या आवाजात म्हणाले, "मनावर घेऊ नका. शेवटी खेळ होता तो."

"आत्ता म्हणले खरं होतं. रक्त खरं होतं म्हणून टाळ्या, अन् आता विचारलं तर खेळ होता? एक काय ते ठरवा!"

पुढच्या रांगेतून एका साहेबाचा आवाज आला, "आवाज बंद करा त्या बाईचा." माइक बंद झाला. ती तशीच ओरडत राहिली, पण पुढचं फक्त पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. पोरांकडं बघून ती म्हणाली, "मार खाऊन कुणी मोठं होत न्हाई रे. मार खाऊन माणूस असा होतो," आणि तिनं नवऱ्याकडं बोट दाखवलं.

घरी येऊन दारात रिक्षातून उतरल्यावर लिंबाजीला शब्द सापडले. "माझ्याजवळ तेवढंच एक होतं, कोंडे. तेवढ्या टाळ्या. त्याबी तू बंद केल्या."

तिला हे अपेक्षित नव्हतं. ती त्या दिवशी बागेत जाऊन बसली आणि अंधार पडायच्या आत गुरुपादप्पा तिला बोलवायला गेला. ती म्हणाली, "त्यांना घाबरून बसलेलं तुमी बघितलं न्हवं, अप्पा?"

"बघितलं."

"मंग ते असं कामून बोलले?"

"दोन्ही खरं हाय, अक्का," गुरुपादप्पा म्हणाला. "भीतीबी, अन् टाळ्याबी." मग म्हणाला, "त्या दिशी मी खुणंची वाट बघायला नको होती."

"न्हवतीच बघायला पाहिजे," ती म्हणाली आणि उठली.

लिंबाजीनं कित्येक दिवस अबोला धरला. सत्काराची शाल मात्र अंगावरून काढली नाही. त्यानंतर कोंडाबाईनं शौकिनांना हाकलणं बंद केलं. कुणी आला की ती भाकरी दुधात कुस्करून ताट त्याच्या पुढं ठेवायची. "आलात ना पैलवानाला भेटायला? मंग जेवू घाला त्यांना. घास भरवताना सांगा तुमची उदगीरची गोष्ट." बहुतेकांना काहीतरी काम आठवायचं. माणिकप्पा नावाचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ तेवढे दर सोमवारी यायचे. घास भरवायचे, ओठ पुसायचे आणि कुस्तीची गोष्ट सांगायचे. लिंबाजी ऐकून खूश व्हायचा. कोंडाबाई त्या वेळी मुद्दाम परसात भांडी आपटायची.

अंबरीश सरही एकदा आले. एकटेच. तिनं ताट दिलं. त्यांनी बाही सरसावून दोन-तीन घास भरवले. लिंबाजीचा हात हलला आणि दूध त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. त्यांनी शर्टाकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"मावशी, मला क्लास आहे."

"जा," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर तिनं ताट आपल्याकडं ओढलं. राग तिच्या हातात उतरला होता. घास मोठा झाला आणि लिंबाजीला ठसका लागला. तिनं त्याच्या पाठीवर थापटलं, पाणी पाजलं आणि पुढचा घास लहान केला.