सपत्नीक सत्कार

मंठ्याच्या एका वाचनालयाने आम्हा दोन लेखकांचा सपत्नीक सत्कार ठेवला होता. पहिल्या लेखकाच्या पत्नीला मंचावर बोलावून झालं, मग माझा परिचय सुरू झाला. निवेदक म्हणाले, कादंबरी आणि समीक्षेच्या सेवेसाठी सरांनी आजन्म ब्रह्मचर्य पत्करलं. केवढ्या टाळ्या! समर्थ रामदासांचं जांब आमच्याच जिल्ह्यात. बोहल्यावरून पळालेल्या माणसाचा इथे इतका मान, की लग्न न केलेल्यालाही त्यातला थोडा आयताच मिळतो. मला वर्षानुवर्षं मिळत आलाय.

पण मी कुठूनही पळालेलो नाही. माझा माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता. बदनापुरात आम्ही एका घरात संसार करतो. माझ्या प्रत्येक कादंबरीचा पहिला वाचक तो, आणि समीक्षेत मी फार चावरा झालो की लगाम ओढणाराही तोच. कार्यक्रमांत मात्र तो कधी माझा मित्र असतो, कधी चुलतभाऊ, एकदा तर ड्रायव्हर. आज त्याला तेवढीही जागा उरली नव्हती. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्यांच्या पुस्तकातला खोटा शब्द मी कधी सोडला नाही, मग स्वतःच्या अंगावर का पांघरू?

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मी माईक ओढला.

"मी ब्रह्मचारी नाही. माझा जोडीदार समोर बसलाय. त्याला वर बोलवा, नाहीतर ती शाल राहू द्या."

काही लोक उठून गेले. जाईनात का, माझी समीक्षा वाचून याहून जास्त उठून गेलेत. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "सर, मंग दोस्त म्हणून बोलावू का? बराबर दिसंल." मी म्हणालो, बिलकुल नाही.

तोवर तो स्वतःच मंचावर चढला होता. मला त्याचा अभिमान वाटत होता. निवेदकाने चाचरत विचारलं, कोण म्हणून सांगू?

"कुटुंब म्हणा," तो म्हणाला. "मी ह्यांचं कुटुंब हाय."

आमच्याकडची जुनी माणसं बायकोची ओळख याच शब्दाने करून देतात. समोर बसलेल्या एकालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. निवेदकाने माईकवर तो शब्द जसाच्या तसा उच्चारला. टाळ्या तुरळक पडल्या. सगळ्यात मोठ्या माझ्या होत्या.