लाँड्रीतले दोन अद्वैती

माझे काका इस्त्रीवाले. हात इतका सफाईदार की कॉलर बघून गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि तोंड इतकं फाटकं की तेच गिऱ्हाईक पैसे देऊन पळ काढायचं. कारण काका कपड्याबरोबर ब्रह्मज्ञानही द्यायचे. मला त्यांचा राग होता. अजून आहे. माणूस गेल्यावर चांगलं बोलतात म्हणे, पण काका अजून ठणठणीत आहेत, तेव्हा मला ती अडचण नाही.

लाँड्री दोघा भावांची. बाबा मागे धुवायचे, काका पुढे इस्त्री करायचे. साबणाच्या फळीवर दोन ग्रंथ असायचे, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले. बाबांचा योगाचा, काकांचा वेदान्ताचा. शेवटी सगळं एकच हे दोघांनाही मान्य, भांडण तिथं पोचायच्या वाटेवरून. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की दोघं ते ग्रंथ समोरासमोर उघडून बसायचे आणि एकमेकांची सालटी काढायचे.

बाबा म्हणायचे, "आधी मन थांबव. रोज बस, श्वास सांभाळ. मळ गेल्याशिवाय आतलं दिसत नाही."

"थांबवणारा कोण?" काका इस्त्री आपटायचे. "तू मुळातच ते आहेस, दादा. मिळवायचं काय त्यात? आणि तुझा ग्रंथ तर बघणारा एकीकडे ठेवतो नि जग दुसरीकडे. शेवटच्या पानापर्यंत दोनच! एक कधी होणार?"

"आणि तुझा ग्रंथ शिष्याला आधी वैराग्य आण, मन आवर असं सांगतो, ते पान कोण वाचणार? का ते चिकटलंय?"

"ते मठ्ठ लोकांसाठी आहे."

"म्हणूनच म्हणतो, वाच."

इथवर गंमत होती. आई गेल्यानंतर घरात एवढाच काय तो आवाज असायचा, आणि मी शाळेचा अभ्यास त्या आवाजातच केला. पण एका सकाळी बाबा साबण आणायला गेले असताना काकांनी एक पांढरा शर्ट उचलला. त्याच्या खिशावर चहाचा डाग होता. शर्ट अजून धुतलेलाच नव्हता. इस्त्रीवाल्या माणसाला हे कळत नाही असं कसं होईल? पण आदल्या दिवशीचा वाद डोक्यात होता. कापड मुळात पांढरंच आहे, डाग वरवरचा आहे, हे दादाला दाखवायचं होतं. म्हणून महाशयांनी त्या डागावर कडक इस्त्री फिरवली. उष्णतेनं डाग कापडात असा बसला की बाबांनी नंतर जे जे म्हणून येतं ते सगळं करून पाहिलं, तरी निघाला नाही.

"चुकलं" एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. काका म्हणाले, "डाग तुला दिसतोय."

बाबांनी त्याच आठवड्यात दुकानाच्या मधोमध प्लायवुड ठोकलं. धुतलेले कपडे सरकवायला एक चौकोन कापला. दोन्ही बाजूंना बसून हे दोघे जगात दुसरं काही नाहीच असं गिऱ्हाइकांना समजावत आणि भावाचं तोंड दिसू नये म्हणून चौकोनाला पडदा लावत. मी हसले नाही. बाबांचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं.

मग बाबांच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात मीच होते. पुसायचं, कूस बदलायची, चमच्यानं भरवायचं. ते एक शब्द बोलत नसत. मान हलवत, तीही कधीकधी. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. मला एवढंच हवं होतं की जायच्या आधी बाबांनी भावाला भेटावं. म्हणून नाक मुठीत धरून मी काकांकडे गेले.

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली नाही. "दादानं कबूल केलं का?"

"काका, त्यांना श्वास घेता येत नाहीये. कबुली कसली मागताय? लाज आहे का थोडी?" मी इतकी ओरडले की समोरचा चपलावाला बाहेर आला. मग मी इस्त्रीचं बटणच बंद केलं.

आले. तोंड पाडून खाटेशी उभे राहिले. बाबांनी डोळे उघडले, मास्क हनुवटीवर ओढला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या बाबांचा आवाज आला.

"येणारा-जाणारा कोणी नाही म्हणतोस ना? मग आला कोण?"

काकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं. "आधी हे सांग, विचारतंय कोण?"

झालं. सुरू! नर्स रागावली तरी थांबेनात. बाबा दोन शब्द बोलत, धापा टाकत, मास्क लावत, पुन्हा काढत. डोळ्यांत चमक होती. माझ्या हातातलं सूप गार झालं. मला हवं होतं तेच घडत होतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. हा आवाज यांच्यापाशी होता तर! मी रोज विचारत होते, "बाबा, दुखतंय का?" त्याला उत्तर नव्हतं. कारण त्या प्रश्नाला कुठल्या ग्रंथात जागा नव्हती. मी वाटी घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. सगळं उरकून आम्ही दोघंच घरी आलो. काका बाबांच्या खुर्चीकडे बघत बसले.

"उत्तर न देताच गेला," ते म्हणाले. "आता मी बोलू कोणाशी?"

मी समोर उभी होते. त्याच घरात वाढलेली, दोघांचे ग्रंथ कानावर पडून पाठ झालेली.

"सगळं एकच आहे ना, काका?" मी म्हटलं. "मग बोला स्वतःशीच."

ते रडायला लागले. मी जवळ गेले नाही.