रंग तुमचा, वारा माझा

बेळगावच्या उद्यमबागेत पूर्णिमा सुतारची शेड शोधायला फार हिंडावं लागत नाही. फाउंड्र्यांच्या मागच्या गल्लीत शिरायचं आणि रेझिनच्या वासानं नाक चुरचुरायला लागलं की थांबायचं. दारात बसची मडगार्डं, पाण्याच्या टाक्यांची झाकणं आणि कुठल्यातरी बालवाडीची मोडकी घसरगुंडी अशी फायबरची सगळी पलटण उन्हात पडलेली असते. आत निळ्या एप्रनमध्ये पूर्णिमा. वय पस्तीस, आवाज खणखणीत, आणि चुकीचं काम सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायची एक खास नजर. त्या नजरेपुढं मोठमोठे ट्रान्सपोर्टवालेसुद्धा चहा मागवून विषय बदलतात.

ती मूळची सांबऱ्याची. वडील रवळू सुतार बैलगाड्या करायचे. गावाला लागूनच विमानतळ, त्यामुळं डोक्यावरून विमानं उतरायची आणि खाली हा माणूस तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवत बसायचा. त्यानं मान वर करून विमान बघितल्याचं कुणाला आठवत नाही. पुढं गाड्यांची गिऱ्हाइकं संपली, पण तोवर पोरीनं लाकूड तासायचा वाकस धरायला शिकून घेतलं होतं. तिनं पॉलिटेक्निक केलं, आठ वर्षं एका कारखान्यात बसचे डॅशबोर्ड ओतले आणि मग स्वतःची शेड टाकली. बाईमाणसानं गाडीचं काम करायचं म्हणजे काय, असं विचारणारे पुष्कळ निघाले. त्यातले निम्मे पुढं मडगार्ड घेऊन गुपचूप तिच्याच दारात आले.

तर अशा या शेडपुढं एका सकाळी पिवळीधम्मक सुपरकार येऊन थांबली. कमरेएवढी उंची, जमिनीला चिकटलेलं पोट, आणि आवाज असा की शेजारच्या फाउंड्रीतली माणसं हातातला चहा तसाच ठेवून बाहेर आली. गाडी निपाणीच्या श्रीनाथची. तंबाखूच्या जुन्या पेढीचा मुलगा, मनानं चांगला, पण मोबाइलवर जे दिसेल ते दुसऱ्या दिवशी गाडीवर हवं असणारा. सोबत मित्र विक्रम, टिळकवाडीचा. त्याची स्वतःची गाडी साधीच होती, पण ज्ञान मात्र सगळं सुपरकारचं.

गाडीच्या मागून आलेल्या टेम्पोतून एक लांबलचक खोकं उतरलं. त्यात परदेशातून मागवलेला पंख होता. गाडीच्या शेपटीवर बसवायचा, दोन खांबांवर उभा, खाटेएवढा रुंद. शिवाय श्रीनाथकडं यादी होती: दोन्ही बाजूंना दारांखाली लावायच्या झालरी, आरशांची कार्बनची टोपणं, छतावरचा वारा घेणारा भोंगा आणि मागच्या बाजूला पाच शिंगं.

"बारा दिवसांनी मेळा हाय," श्रीनाथ म्हणाला. "साखर कारखानेवाल्यांची खाजगी धावपट्टी हाय न्हवं, तिथं. सगळी गाड्या घेऊन येणार. तवर हे सगळं बसलं पायजे."

पूर्णिमा गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि पुढच्या बंपरपाशी उकिडवी बसली. बंपरखाली जो पातळ ओठ असायला हवा, तिथं नुसती चार भोकं होती.

"ओठ कुठाय?"

"पहिल्याच आठवड्यात स्पीडब्रेकरच्या हंपावर तुटला. काढून टाकला. आपल्या रस्त्याला ते न्हाय जमत."

"आणि पळवताना हँडल कसं लागतंय?"

श्रीनाथनं विक्रमकडं बघितलं, मग जमिनीकडं. "दोनशेच्या पुढं जरा हलकं लागतंय. तरंगल्यागत."

"म्हणूनच पंख," विक्रम म्हणाला. "जितका मोठा पंख, तितकी गाडी रस्त्याला चिकटणार. साधं सायन्स हाय, मॅडम."

पूर्णिमा उठली. आजवर तिच्या शेडीत अशी गाडी आली नव्हती. हे काम नीट झालं असतं, तर कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत तिचं नाव झालं असतं. मडगार्डांच्या ढिगातून बाहेर पडायची ही एकच वाट तिला दिसत होती, आणि ती वाट सोडायची तिची अजिबात इच्छा नव्हती. तरीही तिनं पुढचं वाक्य बोलून टाकलं.

"स्पष्ट सांगतो, हा पंख मी बसवणार न्हाय."

(आमच्या भागात बाया 'मी सांगतो', 'मी येतो' असंच म्हणतात. काम बाईच करते, क्रियापदानं काय घोडं मारलंय.)

तिनं कारण सांगितलं. डाउनफोर्स, बॅलन्स, पुढच्या चाकांवरचा भार, कारखान्यात शिकलेले सगळे शब्द वापरून झाले. विक्रमनं प्रत्येक शब्दाला मोबाइलमधला एकेक व्हिडिओ काढून दाखवला. शेवटी श्रीनाथ वैतागला. "तुम्हाला जमत नसंल तर तसं सांगा. मी गाडी पुण्याला नेतो."

"न्या की!" पूर्णिमाचा तोल गेला, आणि राग आला की तिच्या तोंडून थेट सांबऱ्याची बोलीच बाहेर पडते. "पुढं काय न्हाय आणि शेपटीवर एवढा बोजा! वारा मागनं दाबला की गाडी उलाळ व्हतीय, एवढं बी कळंना तुम्हाला?"

शेडीत एक म्हातारा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. श्रीनाथचे वडील, हरिभाऊ. डोळे तपासायला बेळगावला आलेले, म्हणून पोरानं टेम्पोतून सोबत आणलेले. इतका वेळ ते फायबरची घसरगुंडी निरखत होते. ते काठी टेकत उठले.

"काय म्हणालीस, पोरी?"

"उलाळ म्हणालो, आप्पा."

हरिभाऊ गाडीच्या मागच्या बाजूला गेले. पंख जिथं बसणार होता तिथं त्यांनी तळहात ठेवून दाबल्यासारखं केलं, मग पुढं जाऊन नाकाकडं बघितलं.

"नाथा, इकडं ये," ते म्हणाले. "मी सोळा वर्साचा हुतो. गाडीत तंबाखूची बोदं भरलेली, आणि मी येड्यागत समदी मागच्या अंगाला रचलेली. तवंदी घाटाच्या चढाला लागलो आणि गाडी उलाळ झाली. जू गेलं वर. बैलं जुपण्यांत लटकली, गळ्याला फास बसला. दोन्ही बैलं डोळं पांढरं करून माझ्याकडं बघालती. एका गड्यानं विळ्यानं जुपण्या कापल्या म्हणून वाचली." त्यांनी काठी पिवळ्या गाडीकडं केली. "ह्या तुझ्या गाडीत बैल कुठं असतंय?"

श्रीनाथनं मागच्या झाकणाकडं बोट केलं. मग हळूच म्हणाला, "इंजिन मागं हाय, आप्पा."

"इंजिन नव्हं रं. गाडी वळवतंय कोण?"

"पुढची चाकं."

"मग तीच लटकणार. ही पोरगी म्हणतीय तसं कर, न्हायतर त्या गाडीत बसू नकोस."

विक्रमनं मोबाइल खिशात घातला. त्यात उलाळ गाडीचा व्हिडिओ नव्हता.

श्रीनाथ तयार झाला, पण मनातून नव्हे. तोंड पाडून म्हणाला, "करा तुमच्या मनानं. पण मेळ्यात गाडी तरंगली, तर मी सगळ्यांम्होरं सांगणार कुणी बसवलं ते."

"सांगा," पूर्णिमा म्हणाली. "आणि यादीतलं काय ठेवायचं, काय काढायचं ते मी ठरवणार. रंग तुमचा, वारा माझा."

वारा तिचा म्हटल्यावर तिनं यादीवर रेघा मारायला घेतल्या. भोंगा गेला, कारण तो नुसता दिखाऊ, आतून बंदच होता. मागची पाच शिंगं गेली. झालरी राहिल्या, पण दोन बोटं आखूड होऊन. आरशांची टोपणं तिनं हसून ठेवली. त्यांनी वाऱ्याचं काही बिघडत नव्हतं आणि श्रीनाथचा चेहरा मात्र उजळत होता. तो खाटेएवढा पंख खोक्यात परत गेला. त्याच्या जागी ती स्वतः कार्बन कापडाचा एक बुटका पंख घडवणार होती, मागच्या काचेच्या वर डोकं न काढणारा, कोन बदलायला चार भोकं असलेला.

खरी अडचण ओठाची. ओठ नको, तर पुढं भार नाही. ओठ हवा, तर तो हंपावर तुटणार. यावर विचार करत न बसता पूर्णिमा स्कूटर काढून निपाणीच्या रस्त्याला लागली. महामार्गापासून श्रीनाथच्या गोदामापर्यंत सात हंप होते. प्रत्येक हंपापाशी ती स्कूटर लावायची, पातळ फळी आडवी धरायची आणि हंपाचा आकार पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. चौथ्या हंपावर शालूबाई नावाची एक भाजीवाली धावत आली.

"ओ म्याडम, हा हंप काढू नगा! हितं पोरं रस्ता वलांडत्यात."

"मी सरकारी न्हाय, मावशी. एका गाडीचं थोबाड मापालोय."

"गाडीचं थोबाड मापायला हंप कशाला लागतोय?" शालूबाईनं विचारलं. पूर्णिमानं तिला समजावायचा प्रयत्न केला आणि शेवटी दोन जुड्या मेथी घेऊन निघाली.

सातव्या हंपापर्यंत उत्तर सापडलं होतं. ओठ दोन तुकड्यांत करायचा. वरचा कायमचा, सातही हंपांवरून सुटेल एवढाच. खालची जीभ वेगळी, चार खटक्यांवर बसणारी. रस्त्यावर जीभ डिकीत आणि धावपट्टीवर जीभ बाहेर. परदेशातल्या कुठल्याही खोक्यात असला ओठ आला नसता. कारण तो घडवणाऱ्यानं निपाणीचा एकही हंप बघितलेला नव्हता.

पुढचे नऊ दिवस शेडीत दुसरं काम झालं नाही. साचा, मेण, कापडाचे थर, वर प्लास्टिक गुंडाळून हवा ओढायची, मग भट्टी. पहिल्या ओठात बुडबुडा राहिला. तो ओठ तिनं कुणी न सांगता करवतीनं कापून भंगारात टाकला. दुसरा साच्यातून निघाला तेव्हा तिनं त्यावर टिचकी मारली आणि आवाज ऐकून एकटीच हसली. श्रीनाथनं रंग निवडला. काळ्या विणीवर लाल रेघ. चांगली दिसत होती, हे तिनंही कबूल केलं.

मेळ्याच्या दिवशी धावपट्टीवर बावीस गाड्या होत्या, आणि पिवळ्या गाडीचा पंख सगळ्यांत बुटका. दोघा-तिघांनी हसून श्रीनाथला विचारलंसुद्धा, की उरलेला पंख नंतर येणार काय. विक्रम जरा लांबच उभा राहिला. पूर्णिमानं जीभ बसवली, वारा कुठून कसा जातो ते दिसावं म्हणून मागच्या अंगावर लोकरीचे छोटे धागे चिकटवले आणि मागं सरकली.

गाडी गेली, पट्टीच्या टोकाला बारीक झाली आणि परत आली. श्रीनाथनं काच खाली केली. चेहरा उतरलेला.

"दोनशेवीसला अजून हलकं लागालंय. पयल्यापेक्षा कमी, पण हाय."

आजूबाजूला कुणीतरी खाकरलं. पूर्णिमाला क्षणभर वाटलं, संपलं. इथंच, या सगळ्यांसमोर तो आता तिचं नाव घेणार. मग तिला गाडी समोरून जाताना बघितलेले धागे आठवले. ते सगळे सरळ मागं लोळले होते, एकही उलटा फिरला नव्हता. म्हणजे वारा बरोबर चालला होता, फक्त मागं जरा जास्त दाबत होता. रवळू सुतारानं गाडी बदलली नसती, बोजा दोन बोटं पुढं सरकवला असता.

तिनं पान्हा घेतला आणि पंख एक भोक खाली घेतला.

"आणि कमी करालाय?" श्रीनाथ घाबरून म्हणाला. "पंख हाय की न्हाय तेच कळंना आता!"

"जा तुम्ही."

या वेळी गाडी गेली ती वेगळीच गेली. आवाज चढतच राहिला, कुठं अडखळला नाही. परत आल्यावर श्रीनाथ दार उघडून बाहेर पडला, आणि काही बोलायच्या आत त्याचे दोन्ही हात वर गेले. दोनशे अठ्ठेचाळीस. एका बोटानं धरलं तरी हँडल जागचं हललं नव्हतं. उंच पंखाच्या पांढऱ्या गाडीवाल्यानं त्या दिवशी दोनशेदहालाच पाय काढला होता, आणि तोच सगळ्यांच्या आधी येऊन बुटक्या पंखाशेजारी वाकून बसला. मग बाकीचे आले. "कुठली कंपनी?" विक्रमला कुणीतरी विचारलं, आणि विक्रमनं बोट दाखवलं ते थेट पूर्णिमाकडं.

"मला बसव," पोरासोबत मेळ्याला आलेले हरिभाऊ पुढं येऊन म्हणाले.

सगळे एकदम नको म्हणाले. वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांत थेंब घालणं अजून चालू. म्हातारा ऐकेना. शेवटी टोपी काढून पूर्णिमाच्या हातात दिली, डोक्यावर हेल्मेट चढवलं, आणि दोघा जणांनी धरून त्यांना त्या कमरेएवढ्या गाडीत उतरवलं. पोरानं वेग कमी ठेवायचं कबूल केलं होतं. आवाजावरून ते काही खरं वाटलं नाही.

गाडी परत येऊन थांबली. हरिभाऊ बाहेर निघायला बराच वेळ लागला. हेल्मेट निघालं, पांढरे केस उभे राहिले होते. कुणीतरी विचारलं, आप्पा, कसं वाटलं? त्यांनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. काठी टेकत गाडीच्या पुढं गेले, वाकून डाव्या चाकावर हात फिरवला, मग उजव्या, आणि बावीस गाड्यांचे मालक बघत असताना पूर्णिमाकडं वळले.

"पोरी," ते म्हणाले, "बैलं सुखात हायत."