न जिंकलेला कप

मी डूख धरणारी बाई आहे. आई सांगायची, सोडून द्यावं गं. मला नाही जमत.

नोएडातल्या ऑफिसात माझे साहेब पुण्याचे. मी रुजू झाले त्याच दिवशी म्हणाले, "आपली माणसं इथे भेटतात कुठे? सांभाळून घेऊ एकमेकांना." मयूर विहारला घरी जाऊन मी नवऱ्याला हे कौतुकानं सांगितलंसुद्धा. वेडी कुठली! कॅनडातल्या एका गिऱ्हाइकासाठी मी दोन वर्षं खपून सॉफ्टवेअर बांधलं: कुठल्या गोदामातला माल कुठल्या ट्रकनं काढायचा, ते ठरवणारं. मीटिंगमध्ये प्रश्न आला की साहेब माझ्याकडे झुकून मराठीत कुजबुजायचे, "अगं, पटकन सांग ना." बाकीच्यांना काय कळतंय! मी सांगायचे. मग तेच ते इंग्रजीत सांगायचे, "मी हे असं केलंय." दोन वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. आयत्या बिळावर नागोबा! मला नुसतं माझं नाव हवं होतं.

दर सोमवारच्या कॉलवर कॅनडाचे गृहस्थ आधी दहा मिनिटं आइस हॉकीवर बोलायचे. साहेब माइक बंद करून फोन बघत बसायचे, मधूनच माइक उघडून "ग्रेट, ग्रेट" म्हणायचे. मी ऐकायचे. त्यांचे नामांकित खेळाडू, पडलेल्या दातांनी हसणारे, शेवटच्या फेऱ्या संपेपर्यंत दाढी न करणारे, मला तोंडपाठ झाले. एका सोमवारी गृहस्थ म्हणाले, खेळाडू कितीही मोठा असो, तिथल्या स्पर्धेचा मानाचा कप स्वतः जिंकल्याशिवाय तो त्याला बोटसुद्धा लावत नाही. समोर ठेवला असला तरी हात मागे घेतो.

यंदा गृहस्थांचं स्वतः नोएडाला यायचं ठरलं. येताना त्या कपाची छोटी प्रतिकृती आणणार होते, ज्यानं काम केलं त्याच्यासाठी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ते लोक कप धरतात कसा गं? व्हिडिओ दाखव जरा. फोटो झकास आला पाहिजे."

मी दाखवला. एकेक दिग्गज खेळाडू कप डोक्यावर धरून बर्फावर रडत होता, कपावर ओठ टेकत होता. हात न लावण्याचं मात्र मी बोलले नाही. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, गिळलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आले त्या दिवशी मीटिंगमध्ये गृहस्थांनी वीतभर उंचीचा कप टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढायला वळले. तेवढ्यात साहेबांनी तो डोक्यावर धरलासुद्धा. वर त्याचा मुकाही घेतला! गृहस्थांचा चेहरा उतरला. मग ते सावकाश म्हणाले, "आमच्याकडे जिंकल्याशिवाय कुणी हात लावत नाही. म्हणजे सगळं तुम्हीच बांधलंत. मग वाटेत ट्रक बंद पडला तर माल कसा वळतो, तेवढं दाखवा."

साहेब कप पोटाशी धरून माझ्याकडे झुकले. "अगं, पटकन सांग ना."

मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले. झाकण नीट लावलं. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा इंग्रजीत विचारलं, "सर, मी बांधलेलं मीच समजावून सांगू का?"

पंधरा मिनिटं बोलले मी. गृहस्थांनी माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं आणि साहेबांकडे बघत राहिले. साहेबांना तो कप स्वतःच्या हातानं माझ्यापुढे ठेवावा लागला.

आता तो माझ्या टेबलावर असतो, मुद्दाम येण्याजाण्याच्या बाजूला. साहेब तिथून जाताना हात खिशात घालतात. परवा लिफ्टपाशी चार जणांत ते हळूच मराठीत म्हणाले, "आपल्याच माणसाशी असं वागतात होय गं?"

मी म्हटलं, "सर, इंग्रजीत बोला ना. सगळ्यांना कळू दे."