फुग्याची टाळू

विहिरीत पडलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण आभाळाकडं बघत बघत विहिरीत पडलेला माणूस एकच पाहिला, आणि तोही एकाच हिवाळ्यात दोनदा. नशीब त्याचं की बहात्तरच्या दुष्काळात अर्धवट खणून सोडलेल्या विहिरी होत्या, पुरुषभर खोल, तळाला नुसता मुरूम. दोन्ही वेळा दोर मलाच सोडावा लागला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा गुडघा फुटलेला, चष्म्याची एक काच गेलेली, आणि हा बाबा धूळ झटकायच्या आधी मला विचारतो, "चेअरमन, वारा फिरला क्या?"

मी चेअरमन नव्हतो. आमच्या गावच्या दूध सोसायटीत मी दूध मोजायचो, शिक्षण चौथी, आणि त्या साली मोजायला दूधही नव्हतं. खरे चेअरमन बीडला राहायचे. सोसायटीचा शिक्का तेवढा माझ्या घरी पत्र्याच्या डबीत असायचा, त्यावरून यानं मला चेअरमन करून टाकलं. दहा वेळा सांगितलं, बाबा, मी मापाडी हाय. तो म्हणायचा, "हौ, हौ, चेअरमन." त्याला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे म्हशीला घड्याळ दाखवणं.

माणूस हैदराबादेतल्या कुठल्याशा कचेरीतला, मूळचा बिदरकडचा. मराठी बोलायचा, पण जोंधळ्यात रेशनची तांबडी मिलो मिसळावी तशी तिच्यात दखनी मिसळलेली. तिथं ते लोक कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ प्लास्टिकचे फुगे करायचे. फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे. आमचं अख्खं गाव आत मावावं एवढा. त्याला खाली यंत्रांची पेटी बांधायची आणि ढगांच्याही वर सोडून द्यायचा. काम झालं की पेटी छत्रीनं खाली येई आणि प्लास्टिक वेगळं कुठंतरी पडे. वाऱ्याची मर्जी अशी की पुष्कळदा ते बालाघाटाच्या आमच्याच बाजूला पडायचं. याचं काम दुहेरी होतं. फुग्याचे जोड गरम पट्टीनं चिकटवायचे, आणि फुगा पडला की जीप घेऊन तो हुडकायचा. म्हणजे लेकराचं बारसंही यानंच करायचं आणि हरवलं तर हुडकायलाही यानंच जायचं.

हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं आणि माझी अर्धी सकाळ गेली. म्हणाला, पृथ्वी म्हणजे मोठं लोहचुंबक आहे. वरून, फार लांबून, सारखे बारीक कण येतात. हे चुंबक त्यांना वळवतं, अडवतं. आपल्या मुलखावर त्याची ओढ अशी आडवी पडते की जोरकस असतील तेवढेच कण आत येतात. म्हणून पाच देशांचे शास्त्रज्ञ आपापली यंत्रं घेऊन इथं येतात आणि एकाच फुग्याला बांधतात. "पाच मुल्क, चेअरमन, आपस में बोलाचाली नाही, पण वर एकाच पेटीत बसतात." मी म्हणालो, आपलं आभाळ एवढं नामी हाय तर त्यात पाणी काहून न्हाई? तर यानं वही काढली आणि लिहून घेतलं. म्हणाला, सवाल चांगला आहे, पुढं पाठवतो. असल्या माणसाला टोमणाही मारायची सोय नाही.

त्याची मान कायम वर. जीप चालवताना डोकं खिडकीबाहेर. नेकनूरच्या वाटेवरच्या एका बाभळीला त्यानं तीनदा जीप घातली आणि तिसऱ्यांदा उतरून बाभळीला सलाम केला. जेवतानाही मध्येच हात थांबायचा, बोट ओलं करून वारा बघायचा, आणि तेच बोट पुन्हा कालवणात. दिसेल त्या माणसाला एकच प्रश्न, वरून काही पडलं का? एकदा एका मयताच्या घरी, लोक अंगणात गप बसलेले, हा आत गेला आणि हात जोडून तेच विचारलं. त्या घरचा म्हातारा माडीवरून पडूनच गेला होता. मी मध्ये पडलो नसतो तर पाच देशांना त्या दिवशी दुसरा माणूस शोधावा लागला असता.

आणि खोटं बोलायला येईना, हा दुसरा रोग. त्या साली लोकांत बोलवा उठली की हे फुगे ढग फोडतात, म्हणून पाऊस नाही. बाजाराच्या दिवशी लोकांनी जीप अडवली. हा बॉनेटवर चढला, हातात कांदा घेतला आणि एकेक पापुद्रा सोलून दाखवू लागला, ढग इथं, फुगा तिथं, त्याच्या कितीतरी वर. लोकांना पटत आलं होतं. तेवढ्यात एका म्हातारीनं विचारलं, "मग बाबा, वर जाताना ढगातूनच जातो का न्हाई?"

कोणीही शहाणा नाही म्हणाला असता. हा विचार करून म्हणाला, "जाता है, आजी. ढग असले तर जातो." पहिला दगड त्याच्या कांद्याला लागला, दुसरा मला.

तर अशा माणसानं एका दुपारी आमच्या दारात जीप उभी केली आणि सोसायटीच्या रिकाम्या कॅनपुढं मटकन खाली बसला. कॅनवर एक जाड चकचकीत धातूची चकती झाकण म्हणून ठेवली होती. अगदी मापात बसली होती. ती चकती त्याच्या फुग्याच्या डोक्यावरची होती. यंत्रांची पेटी त्याला धारूरच्या डोंगरात धड सापडली होती, पण फुगा वेळेआधीच फाटला होता आणि पाचही देशांचं काम अर्ध्यात राहिलं होतं. बाहेरचे लोक म्हणत होते, हिंदुस्थानी जोड कच्चे, पुढच्या वेळी फुगा आम्ही आमचा आणू. जोड यानं लावलेले. फुग्याच्या माथ्यावर सगळे जोड एकत्र येतात, प्लास्टिक तिथं दुहेरी असतं. त्याला तो टाळू म्हणायचा. टाळू मिळाली तर दिसेल, जोड उसवला का दुसरं काही झालं. नाही मिळाली तर हा दोषी.

"टाळू कुठं आहे, भाभी?"

आमची कारभारीण भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, "हौदात."

खरं तेच होतं. सोसायटीच्या गुरांसाठी आम्ही हौद खणला होता. टँकर आठ दिवसांनी यायचा आणि चार दिवसांत पाणी मुरूम पिऊन टाकायचा. मग शेतात हे प्लास्टिक येऊन पडलं. हौदाला अस्तर घालायची अक्कल तिचीच. जाड बाजू तिनं तळाला घातली आणि चकती काढलेलं भोक पोत्याच्या तोंडासारखं सुतळीनं आवळलं. तेव्हापासून थेंब गळत नव्हता, आणि हौद त्या दिवशी अर्धा भरलेला होता.

मी सरळ सांगितलं, टाळू मिळायची न्हाई. तो म्हणाला, कबूल, पाणी संपेपर्यंत थांबतो, मग काढतो. आणि थांबला. आमच्या घरी. पाच दिवस.

त्या पाच दिवसांत त्यानं माझं डोकं भाजून काढलं. तव्याची आच कमी आहे, हे कारभारणीला शिकवलं. दिवसभर हौदाच्या काठावर बसून गुरांना आग्रह करायचा, "पिओ रे, पिओ, और थोडा." तांबडी म्हैस तोंड वर काढी तेव्हा याचं तोंड उतरे. कारभारीण म्हणायची, "भाऊ, म्हशीला पाणी पाजता का नवरदेवाला जिलबी वाढता?" तिसऱ्या दिवशी मात्र तो आग्रह करीनासा झाला. गुरांच्या फासळ्या मोजत बसलेला दिसायचा. टँकरचा दिवस उजाडला आणि टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाच्या तळाला ओंजळभर गढूळ पाणी, तेही वासरं चाटत होती, आणि त्याखाली टाळू उघडी.

मी विळा नेऊन त्याच्या हातात दिला. कारभारीणही म्हणाली, "घ्या भाऊ, काढा. तुमची भाकरी हाय ती. आमी तळाला चिकणमाती चोपू."

तो हौदात उतरला. आपल्या सदऱ्यानं ती टाळू पुसली, सुतळी सोडली, फुटका चष्मा वर केला आणि एकेका जोडावरून अंगठा फिरवत गेला. बराच वेळ. मग म्हणाला, "जोड साबूत आहेत, भाभी. चकतीची कड धारदार होती, तिनं बाजूनं कापलंय. चकती बाहेरच्या मुल्कातून आली होती."

"मग कापा की."

"चिकणमाती चोपायला पाणी लागतं," तो म्हणाला. "पाणी कुठं आहे? आणि टँकर आज आला तर?"

मी त्याला शिव्या घातल्या. खरंच घातल्या. म्हणालो, अरे मूर्खा, पाच दिवस आमची मिलो खाल्ली ती कशासाठी? घे आणि चालता हो. तो ऐकेना. त्यानं सुतळी पुन्हा आवळली आणि गाठ कारभारणीनंच मारलेली बरी म्हणून तिलाच हौदात उतरवलं.

मग माझ्याच डोक्यात आलं. गावात बांध फुटला, झाड पडलं, जनावर मेलं, तर आपण काय करतो? पंचनामा करतो. शिक्का घरात होता. वहीचा कागद फाडला, आणि चौथीच्या अकलेनं मी लिहिलं की आम्ही खाली सही-अंगठा करणार पंच समक्ष हजर राहून पाहिले, फुग्याची टाळू सोसायटीच्या हौदाच्या तळाशी आहे, सर्व जोड साबूत आहेत, फाटले आहे ते चकतीच्या कडेने. सदर टाळू काढून देता येत नाही, कारण तिच्यावर गुरे पाणी पितात. खाली माझी सही, तीन गवळ्यांच्या सह्या, कारभारणीचा अंगठा, आणि वर सोसायटीचा गोल शिक्का. ती पीठ मळता मळता उठून आली होती, हात नुसता लुगड्याला पुसला आणि अंगठा टेकवला. त्यानं तो कागद आणि चकती घेतली, आम्हा दोघांच्या पाया पडला, माझ्यापेक्षा वयानं मोठा असून, आणि गेला. टँकर दुपारी आला.

तो पुन्हा आला नाही. पुढच्या हिवाळ्यात जीप तीच, माणूस दुसरा, मान सरळ. विचारलं तर म्हणाला, पंचनाम्यावर कोण विश्वास ठेवतो काका, त्यांना गोदामात बसवलं, फुगे आता बाहेरून येतात. मला एवढा राग आला की त्या नव्या माणसाला मी चहासुद्धा विचारला नाही. तो राग आजही येतो. विळा हातात दिला होता, एक हिसका मारायचा होता. आमच्या गुरांनी आणखी दोन दिवस कसेतरी काढले असते. कदाचित काढले नसते. त्याचा हिशेब त्यानं केला आणि मला विचारलंही नाही.

जाता जाता त्या नव्या माणसानं एक सांगितलं. त्यांच्यात नियम असा की एका उड्डाणाचे जेवढे कागद, तेवढे पाचही देशांना जायचे. तसा आमचा पंचनाम्याचा कागदही गेला, शिक्क्यासकट.

मी घरी येऊन कारभारणीला सांगितलं, तुझा अंगठा पाच देशांत गेला. बीडच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती. तिनं आपला अंगठा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "पिठाचा हात होता वं माझा. नीट उठला होता का?"

मी कागद तेवढा निरखून कुठं पाहिला होता? मी म्हणालो, उठला होता. आता कारभारीण जाऊन आठ महिने झाले. तो फुगेवाला कुठं आहे, आहे का नाही, ठाऊक नाही. त्यानं तो अंगठा पाहिला असेल. त्याला खोटं बोलायला येत नव्हतं. त्याला विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं.