गुडवेगने पुरवलेले वाक्य

आमच्या बेटावरच्या नाट्यमंडळात गुडवेग टोफ्टे ही प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खोबण आहे. तिच्यात स्टुलावर बसून, प्रेक्षकांकडे पाठ करून, ती नटांना विसरलेली वाक्ये पुरवते. मी पडदा ओढतो, त्यामुळे विंगेतून मला तिचा चेहरा दिसतो.

गुडवेगचा नवरा आर्नफिन हा बोटमालक हालवर्ड नेस यांच्या बोटीवर खलाशी होता. एका हिवाळ्यात ती बोट बुडाली आणि आर्नफिन तिच्याबरोबर गेला. आत शिरलेले पाणी उपसण्याचा पंप बिघडलेला होता, असे जिवंत परतलेल्या एका खलाशाने सांगितले. हालवर्ड यांनी ते कधीही मान्य केले नाही. त्यांनी फुले मात्र पाठवली. पुढे तिचा मुलगा यूस्टाइन हाही त्यांच्याच नव्या बोटीवर कामाला लागला, कारण आमच्याकडे दुसरी मोठी बोट नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या शिक्षिका रागन्फ्रिड यांनी एक नाटक लिहिले. त्यात नाव कोणाचेही नव्हते, तरी त्यातला बोटमालक कोण हे सर्वांना कळले. शेवटी मेलेल्या खलाशाची बायको दाराशी येते. मालक तिला म्हणतो, "पंप नवा असता तरी समुद्राने त्याला नेलंच असतं. दार लावून घे, जेवण निवतंय." आणि तो जेवावयास बसतो. येथे पडदा.

तालमीला मंडळाचे अध्यक्ष टोर्लाइफ आले आणि भडकले.

"हे काय नाटक झालं? दुष्ट माणूस पोटभर जेवतो, आणि आम्ही तसंच घरी जायचं?"

"मग त्याच्यावर वीज पाडू का?" रागन्फ्रिड म्हणाल्या.

"वीज नको. गुडघे टेकू द्या, माफी मागू द्या. हालवर्ड पहिल्या रांगेत बसणार आहेत. जरा माणुसकी दाखवा की!"

मंडळातील बहुतेकांना ते पटले. रागन्फ्रिड यांनी नाइलाजाने नवा शेवट लिहून दिला. मालकाचे काम करणारा ओडवार एरवी फेरीबोटीवर तिकिटे फाडतो. तो वैतागला.

"मी जेवायचं की रडायचं, एकदाचं ठरवा. दोन्ही शेवट डोक्यात बसलेत आणि आत मारामारी करतायत."

गुडवेगने दोन्ही शेवटांची पाने आपल्या वहीत लावली. तिलाही दोन्ही शेवट पाठ होते.

प्रयोग रविवारी दुपारी होता. आमच्याकडे पडदा उघडण्यापूर्वी एकमेकांच्या खांद्यावरून थुंकल्यासारखे करून शुभेच्छा देतात. त्यावर आभार मानावयाचे नसतात. मानले तर प्रयोग बिघडतो, अशी आमची पक्की समजूत आहे. गुडवेगने ओडवारच्या खांद्यावरून "थू, थू" केले.

"आभारी आहे," ओडवार म्हणाला.

"अरे गाढवा! काय बोललास हे?"

"गेलं गं तोंडातून. आता काय करू?"

"काही करू नकोस. अडलास तर माझ्याकडे बघ."

शेवटच्या प्रवेशात तो अडला. बायकोचे काम करणारी बाई दारात उभी होती. ओडवारने तोंड उघडले, मिटले आणि खोबणीकडे पाहिले. सभागृहात कोणीतरी हळूच हसले. मग पहिल्या रांगेतून हालवर्ड यांचा कोरडा खोकला ऐकू आला. तो खोकला सारे बेट ओळखते. गुडवेगने मागे वळून पाहिले नाही, परंतु तिची मान आखडलेली मला दिसली. हालवर्ड यांच्या मागेच यूस्टाइन बसला होता. ठरलेले वाक्य होते, "मला क्षमा कर."

"पंप नवा असता तरी," गुडवेग कुजबुजली.

ओडवारचे डोळे विस्फारले. तरी तो पुढचे सारे स्वच्छ बोलला आणि जेवावयास बसला. मी पडदा ओढला.

नंतर कॉफी आणि वाफेल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, असा बेत होता. हालवर्ड कॉफी न घेताच निघून गेले. आमच्या बेटावर कोणाच्या तोंडावर दार आपटावे, तसे ते असते.

"चुकीचं वाक्य दिलंस तू!" टोर्लाइफ ओरडले.

"दिलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. त्याने गुडघे टेकले असते, तर तुम्ही सगळे हलके होऊन वाफेल खाल्ले असते. आणि नव्या बोटीवरचा पंप कसा आहे, ते कोणीच पाहिलं नसतं."

"आणि हालवर्डनी तुझ्या पोराला कामावरून काढलं तर?"

ती रिकामे कप गोळा करू लागली. यूस्टाइन कोट घालत एवढेच म्हणाला, "आई, उद्या सकाळी मला बोटीवर जायचंय."

"माहीत आहे रे मला."

सकाळी ती धक्क्यावर आली. मीही गेलो. माणसे चढू लागली तेव्हा हालवर्ड आले. त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही.

"थांबा. कोणी चढायचं नाही," ते म्हणाले.

गुडवेगने कठड्याचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

"यूस्टाइन, तू एकटा आत जा. पंप चालवून दाखव," हालवर्ड म्हणाले.

तो आत गेला. बराच वेळ काहीही झाले नाही. नंतर पंप घरघरला, बंद पडला, पुन्हा घरघरला. आत साचलेले काळे पाणी बोटीच्या बाजूच्या भोकातून बाहेर पडू लागले आणि पडतच राहिले. हालवर्ड टोपी हातात घेऊन ते पाहत होते.

"पंप दुरुस्त करून घ्या," ते शेवटी म्हणाले. "आज बोट जाणार नाही."

माफीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. गुडवेगनेही मागितला नाही. यूस्टाइन तेलकट हातांनी वर येईपर्यंत तिने तो दांडा सोडला नाही.